लिहून देणार, लिहून घेणार

तांडेलकाकांनी मला पहिल्याच दिवशी झापलं. कल्याणच्या नोंदणी कार्यालयाबाहेर पत्र्याच्या शेडखाली त्यांचं टेबल होतं. ते दस्तलेखक, म्हणजे लोकांची खरेदीखतं, बक्षीसपत्रं, मुखत्यारपत्रं लिहून देणारे. मी त्यांच्याकडे नव्याने लागलेली मराठी टायपिस्ट. नवऱ्याची कंपनी बंद पडली आणि लग्नाआधी डोंबिवलीच्या एका क्लासात शिकलेलं टायपिंग इतक्या वर्षांनी कामाला आलं. ते तोंडाने सांगणार, मी कॉम्प्युटरवर उतरवणार, अशी आमची वाटणी. त्या दिवशी एका खरेदीखताच्या शेवटी ते म्हणाले, "सदरहू मिळकत त्यातील तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह."

जुन्या वळणाच्या दस्तांत ही ओळ असतेच. जमीन दिली म्हणजे तिच्यावरचं झाड, गवत, लाकूड, दगड, पुरलेलं धन, सगळं दिलं. पण या यादीत पहिला शब्द 'जल' असतो. वडिलांच्या कुडाळच्या जमिनीच्या कागदात मी तो वाचलेला होता. म्हटलं, वय झालंय, विसरले असतील. आणि आपल्या शहाणपणाने 'जल' घालून मोकळी झाले.

प्रिंट वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी कागद टेबलावर आपटला. "परबबाई, मी बोललो नाय ते लिवायचा नाय," ते म्हणाले. "विहीर असेल तर विहीर लिवू, ओहोळ असेल तर ओहोळ लिवू. नुसता जल म्हंजे काय? तुमच्या हाताला लय घाई हाय."

शेडमधले सगळे वळून बघायला लागले. मला रडू आलं नाही, राग आला. एवढ्या एका शब्दापायी चारचौघांत अपमान करणारा हा कोण टिकोजीराव, असं मनात आलं आणि उद्यापासून यायचं नाही असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी गेले, कारण घरात दुसरी सोय नव्हती. पुढची अकरा वर्षं मी त्या टेबलावर काढली आणि त्या दिवसानंतर तांडेलकाकांच्या तोंडून मी 'जल' हा शब्द ऐकला तो दोनदाच. पहिल्यांदा त्यांच्या गावाच्या देवळात आणि दुसऱ्यांदा अगदी शेवटी.

त्यांचं नाव दामोदर तांडेल. कोपरच्या पुढे खाडीला लागून कोळ्यांची जी जुनी वस्ती आहे, तिथले. घरात पिढ्यान्पिढ्या होडी, पण बापाने या एका पोराला जाळ्याऐवजी पाटी दिली. कल्याणच्या एका नामांकित दस्तलेखकाच्या हाताखाली ते शिकले. त्यांना ते 'मालक' म्हणायचे. मालक वारल्यावर टेबल यांच्याकडे आलं. पांढरा हाफशर्ट, खिशाला दोन पेनं, जाड काचांचा चष्मा आणि सदैव कोणीतरी नुकतंच भांडून गेल्यासारखा चेहरा. गिऱ्हाइकाशी बोलताना मराठी अगदी छापील. रागावले की कोळी बोली. 'नाही'चं 'नाय' झालं की चहावालासुद्धा आमच्या टेबलाला वळसा घालून जायचा.

त्यांची एक खोड होती आणि त्या खोडीपायी निम्मे एजंट त्यांच्याकडे गिऱ्हाईक आणत नसत. दस्तात दोन बाजू असतात. जो देतो तो 'लिहून देणार', ज्याला मिळतं तो 'लिहून घेणार'. सही करायच्या आधी काका लिहून देणाऱ्याला समोर बसवायचे, अख्खा दस्त मोठ्याने वाचून दाखवायचे आणि मग विचारायचे, "काय दिलं, सांगा." माणसाने आपल्या शब्दांत सांगायचं. नाही सांगता आलं तर पुन्हा पहिल्यापासून वाचन. एजंट घड्याळ बघत तळतळायचे, आत टोकन नंबर पुकारला जायचा, काका हलायचे नाहीत.

एकदा दोन मुलगे आपल्या आईला घेऊन आले. पत्रीपुलाजवळच्या चाळीतली म्हातारी, बिचारीला अंगठ्याच्या मशीनची भीती वाटत होती. काकांनी वाचलं आणि विचारलं, "आजी, काय दिलंत?"

"सही दिली," म्हातारी म्हणाली.

"सही कशासाठी?"

"गॅसच्या कागदासाठी ना?" तिने मुलांकडे बघून विचारलं.

तो तिच्या खोलीचा बक्षीसपत्राचा दस्त होता. काकांनी कागदाचे चार तुकडे केले. मुलं अंगावर आली, एजंट म्हणाला की म्हाताऱ्या, तुझं काम लिहायचं आहे, चौकशा करायचं नाही. काका म्हणाले, "मी नाही विचारलं तर कोण विचारणार?" त्या मुलांनी बाजूच्याच टेबलावर नवा दस्त करून घेतला आणि तासाभरात म्हातारीचा अंगठा झाला. आम्ही दोघं बघत बसलो. त्या दुपारी काकांनी डबा उघडला नाही. मला आजही त्या दोघांची तोंडं आठवली की अंगाचा भडका उडतो.

दुपारी गर्दी ओसरली की त्यांचा दुसरा उद्योग सुरू व्हायचा. लायब्ररीतून आणलेली इतिहासाची पुस्तकं त्यांच्या खणात असायची, आणि त्यातून त्यांना फक्त एक गोष्ट हवी असायची: तह. गोऱ्यांनी आशियातल्या कुठल्या राजाकडून काय लिहून घेतलं, कुठल्या शब्दांत घेतलं. लढाया, तारखा, पराक्रम यांत त्यांना काडीचा रस नव्हता. "लढाईत माणूस हरतो," ते म्हणायचे, "राज्य जातं ते कागदावर." मग ते प्रत्येक तह आपल्या दस्ताच्या साच्यात बसवून मला सांगायचे आणि मी टाइप करायची. त्यातला चीनचा मला तोंडपाठ आहे.

"लिहून घेणार: इंग्रज सरकार, वय सज्ञान, धंदा अफू व इतर व्यापार, राहणार विलायत. लिहून देणार: चीनचे बादशहा, वय सज्ञान, धंदा राज्य, राहणार पेकिंग. कारणे दस्त लिहून देतो ऐसा जे, आम्ही तुमची अफू नष्ट केली, सबब तुम्ही आमच्यावर तोफा डागल्या. सबब हाँगकाँग हे बेट कायमचे व पाच बंदरे व्यापारासाठी आम्ही राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता व कोणतेही नशापाणी न करता लिहून दिली आहेत."

'नशापाणी न करता' हे शब्द आमच्या प्रत्येक दस्तात असतात. अफूच्या लढाईच्या तहात ते आले तेव्हा मी हसून हसून डोळे पुसले. काका हसले नाहीत. त्यांनी पुढचं कलम सांगितलं. नंतरच्या कागदात इंग्रजांनी असं घालून घेतलं होतं की यापुढे चीन दुसऱ्या कुणाला जे देईल ते आपोआप आम्हालाही दिलं असं समजावं. "बघा, हे कलम," काका बोट आपटून म्हणाले. "एकदा देऊन टाकलं की पुढचं सगळं न मागता जातं. आणि हे लिहून देणारा बादशहाचा कारकून चांगला शिकलेला असणार बरं."

कोरियाचा तह त्यांना सगळ्यांत जास्त झोंबायचा. त्याच्या पहिल्याच कलमात जपानने लिहिलं होतं की कोरिया हा स्वतंत्र देश असून त्याचा दर्जा जपानच्या बरोबरीचा आहे. वाचून कुणालाही बरं वाटावं. चीन इतकी वर्षं कोरियाच्या डोक्यावर हात ठेवून होता, तो हात काढून घ्यायला लावणारं कलम होतं ते. एकटं पाडायचं आणि मग खायचं. "पहिल्या कलमात कुणी तुमची स्तुती केली ना बाई," ते म्हणायचे, "की दुसरं कलम दोनदा वाचा." आणि हाच जपान थोडी वर्षं आधी गोऱ्यांच्या जहाजांपुढे स्वतः 'लिहून देणार' होता. त्या कागदाच्या इंग्रजी प्रतीत होतं की दोघांपैकी कुणालाही गरज वाटली तर गोऱ्यांचा वकील, म्हणजे प्रतिनिधी, जपानात राहील. जपानी प्रतीत होतं, दोघांनाही गरज वाटली तर. परक्यांचा वकील सरळ येऊन राहिला. जपान त्यावरून शिकला. परदेशात माणसं पाठवली, त्यांचे कायदे शिकून घेतले, आपले कायदे नव्याने लिहिले, जुने कागद बदलून घेतले. इथपर्यंत सांगताना काका खूश असायचे. मग एकदम आवाज चढायचा. "आणि शिकून पहिलं काय केलं? शेजाऱ्याकडून लिहून घेतलं. हरामखोर."

वसईच्या तहाचं नाव त्यांच्यापुढे काढायची सोय नव्हती. पेशव्यांनी परक्याची फौज स्वतःच्या रक्षणासाठी आपणहून घरात घेतली, तीही आपल्या खाडीच्या तोंडाशी बसून सही करून, याची त्यांना जणू कालच घडल्यासारखी लाज वाटायची. त्यातल्या त्यात त्यांचा जीव सयामवर. इंग्रज एका अंगाला, फ्रेंच दुसऱ्या, मधे हा राजा. याने कडेकडेचे मुलूख एकेक करून सोडले आणि मधलं घर राखलं. आणि इराण. तिथल्या शहाने देशातल्या सगळ्या तंबाखूचा मक्ता एका इंग्रजाला लिहून दिला, तर लोकांनी तंबाखूच सोडली. राजवाड्यातल्या बायकांनीही हुक्के ठेवून दिले म्हणे. शहाला मक्ता रद्द करावा लागला. हे वाचलं त्या दिवशी काकांनी खिशातली तंबाखूची पुडी कचऱ्याच्या डब्यात टाकली. आम्हाला वाटलं चार दिवसांचं खूळ. पण त्यांनी तिला पुन्हा हात लावला नाही.

हे सगळं वाचनाचं वेड नव्हतं. त्याला खाडीचा वास होता. काकांच्या गावाला एक धक्का होता, त्याला ते बंदर म्हणत, आणि धक्क्याला लागून मासळी सुकवायची मोकळी जागा. दोन्ही गावाच्या मंडळाच्या ताब्यात. शेजारची मिठागरं एका बांधकाम कंपनीने घेतली तेव्हा कंपनीने गावाकडे तात्पुरती ना-हरकत मागितली, पाइप आणि रेती बार्जमधून उतरवायला. गावाच्या तेव्हाच्या म्होरक्याने कल्याणला मालकांच्या टेबलावर कागद करून घेतला. त्या कागदात तात्पुरतं म्हणजे कधीपर्यंत ते नव्हतं. आणि कंपनीला जागा वापरायची मुभा दिली होती ती 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण यांसह'. कंपनीने हिरवे पत्रे ठोकत ठोकत ओहोटीच्या रेषेपर्यंत नेले. गाव ओरडलं तेव्हा तिने कागद दाखवला की पाणीदेखील तुम्हीच लिहून दिलं आहे. दावा तेव्हापासून चालू आहे. होड्या लांब चिखलात लागतात आणि बायका गुडघाभर गाळातून टोपल्या आणतात. कुणी कोळी स्वतःच्या हाताने पाणी लिहून देईल का, हा साधा प्रश्न कुणाला पडला नाही, याचा मला संताप येतो.

काकांची धाकटी बहीण हिराबाई त्याच गावात राहते. काका विधुर, मूलबाळ नाही. रोजचा डबा हिराबाईकडून यायचा. एका रविवारी त्यांनी मला तिच्याकडे जेवायला नेलं. बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी. हिराबाई डोंबिवलीच्या बाजारात टोपली घेऊन बसते, पण मासळी आता दुसऱ्या बंदरावरून विकत घेऊन. वाढता वाढता ती पत्र्यांकडे हात करून म्हणाली, "ज्यानी तो कागद लिवला ना बाई, त्याचा हात लुला परो. मेला तो कल्यानचा म्हातारा, पन मेल्यावर पन परो." मालकांना शिव्या होत्या त्या. दर जेवणाला असायच्या, असं दिसलं, कारण घरात कुणी मान वर केली नाही. काका उजव्या हाताने भाकरी मोडत होते. ते खाली बघून जेवत राहिले.

गेल्या वर्षी कंपनीने दुसरा कागद आणला. मिठागरांवर टॉवर, पुढे खाडीकाठी फिरायचा रस्ता, दिवे, बाकडी. त्यासाठी गावाने लिहून द्यायचं होतं की काठावर आमचा काही हक्क नाही आणि आधीच्या ना-हरकतीतलं सगळं कायम आहे. बदल्यात गावाला समाजमंदिर, पोरांना नोकऱ्या आणि होड्यांसाठी तरंगता धक्का. हे करून घ्यायला मंडळाचा जो सेक्रेटरी धडपडत होता, तो हिराबाईचाच मुलगा प्रशांत. प्रशांत ठाण्यात एका कुरिअरच्या ऑफिसात सुपरवायझर आहे. गावातल्या एका खोलीत माणसं मावेनात म्हणून तो बायकोपोरांसह दिवा स्टेशनजवळ भाड्याने राहतो. खाडीकाठच्या तांडेलांचा भाचा दिव्यात हंडे घेऊन टँकरची वाट बघतो, हे म्हटलं तर हसण्यासारखं आहे, पण मला हसू येत नाही.

तो टेबलावर आला होता मामांना समजवायला. मुलगा वाईट नाही. "मामा, खाडीत आहे काय आता?" तो म्हणाला. "मासा गेला, काळं पाणी उरलंय. मी लहान होतो तेव्हा तुम्हीच सांगितलेलं ना सयामचं? कडेचं सोडलं, घर वाचवलं. तेच करतोय मी."

काकांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "सयाम काय सोडतोय ते सयामला माहीत होतं. तू काय देतोयस, सांग."

प्रशांतने सांगितलं, एक कागद. फॉर्मॅलिटी आहे. कंपनीचे साहेब स्वतः म्हणालेत.

"पुन्हा वाच," काका म्हणाले. प्रशांत उठून गेला.

रविवारी सकाळी गावदेवीच्या देवळात सभा होती. काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता, म्हणून कागद वाचून दाखवायला त्यांनी मला नेलं. पुरुष पुढे, बायका मागे खांबांना टेकून. कंपनीचे साहेब ठाण्याच्या वर्तकनगरचे, आपलेच मराठी, गोड बोलणारे. त्यांनी सगळ्यांना आधी नमस्कार केला आणि म्हणाले की हे गाव खाडीचं खरं मालक आहे, कंपनी तर पाहुणी आहे. मला कोरियाचं पहिलं कलम आठवलं आणि मी काकांकडे बघितलं.

मी कागद वाचला. वाचून झाल्यावर काका उभे राहिले आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न गावाला विचारला, की काय दिलं, सांगा. कुणी म्हणालं रस्ता, कुणी म्हणालं सही. एक जण म्हणाला की आहे काय आता द्यायला, ते तर मालकांनी आधीच लिहून दिलंय. बायकांतून मालकांच्या नावाने बोटं मोडली गेली. साहेब शांतपणे म्हणाले, "काका, जुन्या गोष्टी उकरून काय मिळणार? लिहिणारा तर आता हयातही नाही."

"हयात हाय," काका म्हणाले.

त्यांनी खिशातून एक जुना, घड्यांवर फाटलेला कागद काढला. कच्चा मसुदा होता, त्यांच्याच वळणदार अक्षरातला. ते गावाकडे बघत बोलले आणि पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत आपल्या बोलीत बोलले.

"तो कागद मालकांनी नाय लिवला. मालक बोलले, दामू, तुज्या गावाचा काम हाय, तूच लिव. मी लिवला. वापरायची परवानगी येवराच लिवायचा होता. पन माज्या गावाचा पयला कागद, तो भारी दिसाया पायजे म्हनून मी खरेदीखतातली सगली ओल उचलून घातली. जल मी घातला. मालकांनी नुसती सही केली. तवापासून तुमी त्यांना शिव्या देता नि मी ऐकतो."

प्रशांत तोंडात मारल्यासारखा उभा होता. मला काय वाटलं ते स्पष्टच सांगते. मला त्यांची दया आली नाही, प्रचंड राग आला. अकरा वर्षं या माणसाने मला चीन शिकवला, कोरिया शिकवला, जगातल्या प्रत्येक कारकुनाला नावं ठेवली आणि स्वतः मात्र बहिणीच्या ताटात जेवत तिच्या शिव्या एका मेलेल्या माणसाच्या नावावर जमा होऊ दिल्या. दाव्यात उभं राहून हेच सांगितलं असतं की ही ओळ गावाची नाही, माझ्या हाताची सवय आहे, तर काहीतरी वेगळं झालं असतं की नाही? मला माहीत नाही. पण सांगायला हवं होतं. आजही त्यांची आठवण आली की आधी हा राग येतो आणि मग बाकीचं.

खांबाजवळून हिराबाई उठली. भाऊ रोज गिऱ्हाइकांना काय विचारतो ते तिला ठाऊक होतं. तिने ते त्यालाच विचारलं. "काय दिलास, बोल."

काकांनी मसुद्याची घडी घातली. "पानी," ते म्हणाले.

हिराबाई पुढे गेली. साहेबांसमोरच्या टेबलावर अंगठ्यांसाठी शाईचं पॅड उघडं ठेवलेलं होतं. तिने त्याचं झाकण लावलं, पॅड तिथेच ठेवलं आणि भावाकडे न बघता देवळाच्या पायऱ्या उतरून गेली. तिच्या मागे बाकीच्या बायका गेल्या. बायकांच्या अंगठ्यांशिवाय मंडळाचा ठराव होत नव्हता. साहेब म्हणाले की काही हरकत नाही, पुन्हा येऊ. ते येतीलच, त्यांना कसली घाई आहे.

त्यानंतर डबा बंद झाला. काका दुपारी केळी खायचे. गावातले काही जण टेबलापर्यंत येऊन शिव्या देऊन गेले, त्या त्यांनी ऐकून घेतल्या. काम मात्र तसंच, उलट कडक. कुठल्याही लिहून देणाऱ्याला आता दोनदा विचारायचे. तह सांगणं थांबलं. मी एकदा म्हटलं की सयामचा राहिलाय, तर म्हणाले, "सयामचं प्रशांतला विचारा. त्याच्या ध्यानात आलंय बहुतेक."

आलं होतं. आज काका जाऊन सात महिने झाले. हिरवे पत्रे आहेत तिथेच आहेत, दाव्याची पुढची तारीख पडली आहे, आणि एक मसुदा कंपनीकडे पोचलाय, त्याच्यावर तिची सही नाही. कंपनीच्या वकिलाचं एका ओळीचं उत्तर आलं की मसुदा विचाराधीन आहे. त्या मसुद्याची एक प्रत माझ्या खणात आहे. ती माझ्याच हातची आहे आणि ती लिहिली तो दिवस म्हणजे मला घडलेलं काकांचं शेवटचं दर्शन. त्यानंतर त्यांनी अंथरूण धरलं ते धरलंच.

दुपारी बाराचा सुमार असेल. प्रशांत स्कूटरवरून आईला घेऊन आला. हिराबाई टोपलीसकट आली होती, बाजारातून थेट. ती लिहून देणाऱ्यांच्या स्टुलावर बसायला गेली तेव्हा काका पटकन उठले आणि त्यांनी तिला दुसऱ्या बाजूच्या खुर्चीवर बसायची खूण केली. ती बसली. देवळातल्या त्या दिवसापासून तिने भावाशी एक शब्द काढला नव्हता. काय हवंय ते प्रशांतने सांगितलं. टॉवर बांधा, रस्ताही करा, पण आधी कंपनीने गावाला लिहून द्यायचं.

काकांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. लिहून देणार: कंपनी. लिहून घेणार: गावाचं मंडळ, तर्फे हिराबाई, वय सज्ञान, धंदा मासेविक्री. मग धक्का, सुकवायची जागा, भरतीच्या रेषेपासून ओहोटीच्या रेषेपर्यंत, पूर्वेस काय, पश्चिमेस काय, एकेक बाजू. छापील मराठीत, कुठेही न अडखळता. शेवटची ओळ आली तशी माझी बोटं सवयीने 'तरू'वर गेली.

"जल," काका म्हणाले.

मी थांबले. त्यांच्याकडे बघितलं.

"लिहा, परबबाई. जल. पहिला शब्द तोच आहे."

मी लिहिलं. बाकीची ओळ त्यांनी पुरी केली. प्रिंट काढली, मी सगळं मोठ्याने वाचलं. शेडमधले एजंट कंटाळून बघत होते, आत कुणाचं तरी टोकन पुकारलं जात होतं. काकांनी कागद बहिणीपुढे सरकवला. ते तिच्याकडे बघत नव्हते, कागदाकडेच बघत होते.

"काय घेतलंस, सांग," ते म्हणाले.

हिराबाईने अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला. अंगठा न उचलता तिने भावाकडे बघितलं.

"पानी," ती म्हणाली.